हौसेचे खाते

जयसिंगपूर हे आखून वसवलेले गाव आहे. राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ मध्ये आपले जनक पिता जयसिंगराव घाटगे यांच्या नावाने ही व्यापारी पेठ वसवली, तेव्हा गल्ल्या सरळ रेषेत पाडल्या गेल्या आणि आजही पत्ता सांगताना आपण गल्लीचा क्रमांकच सांगतो. तंबाखू, शेंगा, गूळ आणि धान्य ज्या वाहनांतून आले-गेले, त्यांच्यावरून या गावातील व्यापारी घरांचा इतिहास लिहिता येईल. आधी बैलगाडी, मग ट्रक आणि टेम्पो, मग दुकानदाराची मोपेड आणि पुढे सगळ्या घरादाराला पोटात घेणारी मोठी गाडी. यांपैकी प्रत्येक वाहन विकत घेताना घरात एकच प्रश्न विचारला गेला : यात माल किती बसतो, किंवा माणसे किती बसतात?

गेल्या काही वर्षांत मात्र याच गल्ल्यांतून एक निराळी गाडी दिसू लागली आहे. लांबीला आखूड, छताला काळा रंग, बॉनेटवर दोन पट्टे, आणि सुरू होताना जरा जाडसर आवाज करणारा सायलेन्सर. दिसायला ती नेहमीच्या छोट्या गाडीसारखीच असते. पण तिच्या इंजिनाचा जोर निराळा, बसण्याची ठेवण निराळी आणि किंमतही निराळी. तिच्यात जास्त माल बसत नाही, माणसेही जास्त बसत नाहीत. ती घेतली जाते ती चालवण्याच्या आनंदासाठी. व्यापारी घराला हा हेतू नवा आहे, आणि म्हणूनच तिच्यावरून घरोघरी चर्चा होते.

या महिन्याच्या सदरासाठी जयसिंगपूर आणि आसपासच्या अशा चार मालकांशी व त्यांच्या घरच्या मंडळींशी सविस्तर बोलणे झाले. एक घाऊक किराणा व्यापाऱ्याचा धाकटा मुलगा, एक औषधांचे दुकान चालवणारी सून, एक हिशेबनीस तरुण, आणि चौथे पन्नाशी ओलांडलेले कापड व्यापारी, ज्यांनी उत्पादन बंद झालेल्या मॉडेलची जुनी गाडी हौसेने घेतली आहे. त्यांची नावे येथे दिलेली नाहीत, आणि कोणाचा अनुभव कोणत्या कंपनीच्या गाडीचा हेही सांगितलेले नाही. प्रश्न कंपनीचा नसून घराचा आहे.

एक पथ्य मात्र पाळले. गाडी घेऊन निदान सहा महिने झालेल्यांनाच विचारले. पोत्याच्या तोंडाशी असलेला माल सगळेच चांगला ठेवतात. नमुना तळातून काढावा लागतो, हे आपल्याला सांगायला नको. पेढे वाटत शोरूममधून बाहेर पडलेल्या मालकाचे मत म्हणजे पोत्याच्या तोंडचा माल. दुसरी सर्व्हिसिंग झाल्यावर, विम्याच्या नूतनीकरणाची नोटीस आल्यावर आणि घरच्यांनी चार वेळा मागच्या सीटवर बसून पाहिल्यावर जे मत उरते, ते तळातले.

ही गाडी आहे तरी काय?

हॅचबॅक म्हणजे मागचा दरवाजा वर उघडणारी छोटी गाडी. तिच्यात मोठ्या ताकदीचे इंजिन बसवून, सस्पेन्शन कडक करून आणि ब्रेक सुधारून घरगुती गाडीलाच चपळ करण्याची कल्पना युरोपात रुजली. फोक्सवॅगनने गोल्फ जीटीआय १९७५ मध्ये फ्रँकफर्टच्या प्रदर्शनात मांडली आणि १९७६ मध्ये विक्रीस आणली. ११० अश्वशक्तीच्या त्या गाडीचे पाच हजार नग खपले तरी पुरे, असा कंपनीचा अंदाज होता. प्रत्यक्षात त्या पहिल्या पिढीच्याच साडेचार लाखांहून अधिक गाड्या विकल्या गेल्या. त्याच गोल्फ जीटीआयची आजची आवृत्ती मे २०२५ मध्ये भारतात आली, ती सुमारे ५३ लाख रुपये एक्स-शोरूम किमतीला आणि मोजक्याच संख्येने.

आपल्या गल्ल्यांत दिसणारी गाडी यातलीच, पण आपल्या खिशाच्या मापाची. तिचा बराचसा इतिहास महाराष्ट्रातच घडला आहे. फोक्सवॅगनची पोलो जीटी टीएसआय २०१३ मध्ये चाकणच्या कारखान्यातून आली. फियाटची १४५ अश्वशक्तीची अबार्थ पुंटो २०१५ मध्ये रांजणगावात तयार होऊ लागली. टाटांची अल्ट्रोझही पुण्याचीच; तिची ‘रेसर’ ही १२० अश्वशक्तीची आवृत्ती जून २०२४ मध्ये साडेनऊ लाखांच्या आसपास सुरुवातीच्या किमतीला बाजारात आली. ह्युंदाईची आय-२० एन लाइन २०२१ पासून आहे. तिचाही जोर १२० अश्वशक्तीचाच. १९८३ मध्ये आलेल्या मारुती ८०० चे इंजिन चाळीस अश्वशक्तीच्या आसपास होते, हे आठवले म्हणजे आपल्या आजच्या तरुणाच्या पायाखाली किती जोर आला आहे याची कल्पना येईल.

एवढ्या लहान इंजिनातून एवढा जोर येतो तो टर्बोमुळे. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुराच्या दाबाने एक छोटी चक्री फिरते. ती दुसरी चक्री फिरवते आणि ती दुसरी चक्री बाहेरची हवा दाबून इंजिनात भरते. हवा अधिक, म्हणून पेट्रोलही अधिक जाळता येते, म्हणून ताकद अधिक. आणि इंजिन लहान ठेवण्यामागे निव्वळ व्यापारी कारण आहे. चार मीटरच्या आतली आणि १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल इंजिनाची गाडी करासाठी ‘छोटी’ समजली जाते. २२ सप्टेंबर २०२५ पासून अशा गाडीवर १८ टक्के जीएसटी आहे; त्याहून मोठ्या गाडीवर ४० टक्के. अल्ट्रोझचे इंजिन ११९९ सीसीचे आणि आय-२० एन लाइनचे ९९८ सीसीचे का, याचे बरेचसे उत्तर या कोष्टकात सापडते.

सहा महिन्यांनंतरचे मत

पहिल्या महिन्यात चौघांनीही एकाच गोष्टीचे कौतुक केले होते, आणि ती म्हणजे पिकअप. पाय थोडा दाबला की पाठ सीटला टेकते. किराणा व्यापाऱ्याचा मुलगा सांगतो की शिरोलीपाशी पुण्याच्या महामार्गाला लागताना पहिल्यांदा गाडी मोकळी सोडली, तेव्हा आपण उगाचच हसत होतो हे त्याला शेजारी बसलेल्या मित्राने सांगितले.

सहा महिन्यांनंतर तोच मुलगा पिकअपविषयी दोन वाक्ये बोलतो आणि गतिरोधकांविषयी दहा. सस्पेन्शन कडक असल्यामुळे वळणावर गाडी झुकत नाही, रस्त्याला चिकटून राहते. पण रस्त्यावरचा प्रत्येक खड्डाही ती तितक्याच प्रामाणिकपणे कंबरेपर्यंत पोहोचवते. त्याची आजी एकदा बसली आणि उतरताना म्हणाली, “बाळा, गाडी चांगली आहे, पण मला पुढच्या वेळी आपल्या जुन्या गाडीतून ने.” गावातल्या गल्ल्यांत, दुसऱ्या गिअरमध्ये, इंजिनाचे फेरे कमी असताना टर्बोची चक्री जोर धरत नाही आणि गाडी साध्या गाडीपेक्षाही मंद वाटते. मग अचानक जोर येतो. हा मधला क्षण ओळखून पाय हलका ठेवायला शिकण्यास दीड-दोन महिने लागले, असे तिघांनी सांगितले.

अ‍ॅव्हरेजबद्दल चौघांची उत्तरे चार प्रकारची होती आणि चारही खरी होती. टर्बो इंजिन पायाच्या दाबाप्रमाणे पेट्रोल मागते. हिशेबनीस तरुणाने याचा नीट पडताळा घेतला आहे. कोल्हापूरला जाऊन येण्याचा तोच रस्ता, तीच गाडी. शांतपणे गेले तर एका टाकीत मिळणारे अंतर आणि घाईने गेले तर मिळणारे अंतर यांत त्याला फार मोठी तफावत आढळली. वाचलेली वेळ मात्र चाळीस किलोमीटरच्या त्या प्रवासात चार-पाच मिनिटांपलीकडे कधी गेली नाही. कारण तमदलगे, हातकणंगले, चोकाक असे एकेक गाव आणि एकेक चौक वाटेत येतोच, आणि तेथे सगळ्यांनाच थांबावे लागते.

औषध दुकान चालवणाऱ्या वहिनींचा अनुभव निराळा आहे. त्या रोज सांगलीला जातात. गाडी त्यांनी स्वतः पारखून, स्वतःच्या मिळकतीतून घेतली, तरी पेट्रोल पंपावर आणि सर्व्हिसिंगच्या काउंटरवर “साहेबांची गाडी का?” हा प्रश्न त्यांना अजून येतो. पिकअपच्या बाजूने त्यांनी जे सांगितले ते विचारात घेण्यासारखे आहे. हंगामात उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर ओलांडायचा म्हणजे काही क्षण समोरच्याच्या बाजूने जावे लागते. कमी ताकदीच्या गाडीत हे क्षण लांबतात, या गाडीत आखूड होतात. “पण,” त्या लगेच पुढे म्हणाल्या, “जिथे आधी मी मुकाट्याने मागे थांबले असते, तिथे आता ओलांडून जावेसे वाटते. गाडी वेळ वाचवते आणि मोहही देते. दोन्ही एकाच पायाखाली आहे.”

कापड व्यापारी अण्णांची गाडी जुनी आहे. तिच्या जातीच्या गाड्या आता निघत नाहीत. एप्रिल २०२० पासून बीएस-६ हे प्रदूषणाचे कडक नियम लागू झाले, तेव्हा या वर्गातल्या कितीतरी गाड्या एकदम नाहीशा झाल्या. २०१७ मध्ये आलेली बलेनो आरएस गेली, २०१८ मध्ये आलेली टियागो जेटीपी गेली, अबार्थ पुंटो गेली. पोलोचे उत्पादन २०२२ मध्ये थांबले. म्हणजे या प्रकारच्या गाड्यांचे आयुष्य बाजारात बहुधा थोडेच असते. मागणी मर्यादित, त्यामुळे कंपनीला त्या बंद करायला फारसे वाईट वाटत नाही. अण्णांना एका लहानशा भागासाठी आठवडेच्या आठवडे थांबावे लागले. शेवटी तो भाग मिळाला तो त्याच मॉडेलच्या दुसऱ्या एका मालकाकडून, ज्याला त्यांनी आजवर पाहिलेलेही नाही. अशा मालकांची आपापसांत एक ओळख तयार होते. कोणता मेकॅनिक इमानदार आहे, कोणते ऑइल चालते, कोणता भाग कुठे मिळतो हे ते एकमेकांना निरपेक्षपणे सांगतात. अण्णा म्हणतात, “चाळीस वर्षे व्यापार केला, पण ग्राहकांनी एकमेकांना इतके धरून राहिलेले मी दुसऱ्या कुठल्या मालाबाबत पाहिले नाही.”

घेऊ इच्छिणाऱ्याने यातून व्यवहाराची गोष्ट उचलावी : ही गाडी पुढे चांगल्या भावाने विकली जाईल या भरवशावर घेऊ नये. हौशी गिऱ्हाईक भेटले तर भाव बरा येतो; ते भेटेपर्यंत थांबण्याची तयारी हवी.

कोणत्या खात्यावर?

आता हिशेबाकडे वळू. व्यापारी घरात अशी गाडी येते तेव्हा पहिली सूचना कोणीतरी करतोच : “पेढीच्या नावावर घ्या, खर्चात पडेल.” सूचना गोड आहे, पण आकडे तिला साथ देत नाहीत.

तेरा आसनांपर्यंतच्या प्रवासी वाहनावर भरलेल्या जीएसटीचे क्रेडिट साधारण व्यापाऱ्याला मिळत नाही. वाहनांचाच व्यापार, प्रवासी वाहतूक किंवा ड्रायव्हिंग स्कूल असे अपवाद सोडले, तर जीएसटी कायद्याच्या कलम १७(५) ने ती वाट बंद केली आहे. महाराष्ट्रात दहा लाखांपर्यंतच्या पेट्रोल गाडीवर व्यक्तीच्या नावे नोंदणी केल्यास ११ टक्के वाहनकर आहे. दहा ते वीस लाखांच्या गाडीवर १२ टक्के. तीच गाडी कंपनीच्या नावे घेतली तर २० टक्के. म्हणजे दहा लाखांच्या गाडीवर नव्वद हजार रुपये केवळ नाव बदलल्याने अधिक जातात. घसारा मिळतो हे खरे, पण गाडीचा खासगी वापर असेल तर तेवढा भाग खर्चातून वगळावा लागतो. आपल्या सीएंना विचारल्यावाचून या बाबतीत पाऊल टाकू नये.

विम्याचीही एक गंमत आहे. त्रयस्थ पक्षाच्या विम्याचा हप्ता इंजिनाच्या सीसीवर ठरतो, ताकदीवर नाही. २०२२ च्या दरपत्रकाप्रमाणे हजार सीसीपर्यंत वर्षाला २,०९४ रुपये आणि हजार ते दीड हजार सीसीला ३,४१६ रुपये. त्यामुळे सारख्याच १२० अश्वशक्तीच्या दोन गाड्यांपैकी ९९८ सीसीची गाडी येथे स्वस्त पडते. मात्र टायर, ब्रेक पॅड आणि चांगले ऑइल यांत ही गाडी साध्या गाडीहून अधिक मागते. टायर रुंद आणि बेताच्या उंचीचे असतात. खड्ड्यात आदळून कडा फुटल्याचा अनुभव चौघांपैकी दोघांना आला.

हिशेबनीस तरुणाच्या घरी या गाडीने एक चांगली रीत पाडली आहे. ती सर्वांना सांगण्यासारखी वाटते. गाडी घ्यायची गोष्ट निघाली तेव्हा त्याच्या वडिलांचा एकच प्रश्न होता : “उपयोग काय?” मुलाने बरीच कारणे दिली. वसुलीला वेळ वाचेल, गिऱ्हाइकावर छाप पडेल, सुरक्षितता जास्त आहे. वडिलांनी सगळे ऐकून घेतले आणि म्हणाले, “ही सगळी कारणे साध्या गाडीलाही लागू पडतात. खरे कारण सांग.” मुलगा थोडा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, “मला चालवायला आवडते.” वडील म्हणाले, “मग तसे लिही.”

घरच्या जमाखर्चात ‘हौस’ या नावाचे एक स्वतंत्र खाते त्या दिवशी उघडले गेले. साध्या गाडीची किंमत घरखर्चात, आणि या गाडीसाठी वर जे अधिक पैसे लागले ते मुलाच्या स्वतःच्या मिळकतीतून, हौसेच्या खात्यावर. गाडीच्या खणात एक छोटी वही ठेवली. त्यात तारीख, किलोमीटर, पेट्रोल आणि कारण. कारणाचे तीन रकाने : काम, घर, हौस.

‘हौसेला मोल नसते’ असे आपण म्हणतो. व्यापाऱ्याच्या घरात हे वाक्य जपून वापरावे. हौसेला मोल असतेच, फक्त ते लिहिले जात नाही. आणि जे लिहिले जात नाही ते वाढत जाते. हौस कामाच्या कपड्यांत आली की तिला कोणी अडवत नाही. ती पेढीच्या खर्चात शिरते, दौऱ्याच्या नावाखाली शिरते, आणि वर्षाअखेरीस कीर्द जुळते पण मन जुळत नाही. उलट, हौस आपल्याच नावाने खात्यावर आली की तिची मर्यादा आपोआप दिसते, आणि तिचा आनंदही चोरटा राहत नाही. काटकसर हा आपल्या घरांचा गुण आहे. पण काटकसरीचा अर्थ आनंदावर बंदी असा कधीच नव्हता. तिचा अर्थ, प्रत्येक रुपया ज्या कारणासाठी गेला त्याच कारणावर लिहिणे, एवढाच आहे.

दुसऱ्याच्या नावे पडणारी नोंद

एक नोंद मात्र कोणत्याही वहीत बसत नाही. पैसा आपला, हौस आपली. पण वेगाची जोखीम रस्त्यावरच्या दुसऱ्या माणसाच्या नावे पडते.

गणित साधे आहे. ताशी ७० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात १९ मीटर पुढे जाते. धोका दिसून पाय ब्रेकवर पडायला एक सेकंद धरला आणि कोरडा रस्ता, चांगले टायर, चांगले ब्रेक असले, तरी गाडी थांबायला एकूण सुमारे ४५ मीटर लागतात. वेग ताशी १०० असेल तर हेच अंतर ८० मीटरच्या पुढे जाते. कारण वेग दीडपट झाला की आदळण्याची ऊर्जा दीडपट होत नाही, दुपटीहून अधिक होते. आता रात्री दिवे डिपरवर असताना पुढचे स्पष्ट दिसते ते साधारण पन्नास-साठ मीटरपर्यंत. म्हणजे रात्री दुपदरी रस्त्यावर शंभराच्या वेगाने जाणारा माणूस, जे त्याला अजून दिसलेले नाही त्यावर भरवसा ठेवून जात असतो. कायद्याने अशा दुभाजक नसलेल्या रस्त्यावर मोटारीची कमाल मर्यादा ७० आहे, ती काही उगाच नाही.

आणि आपल्या भागातील रस्ता रिकामा कधीच नसतो. गळीत हंगामात उसाच्या ट्रॉल्या रात्रभर चालतात. मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही, आणि टायर फुटला तर ट्रॉली तिथेच उभी. पौर्णिमेला नृसिंहवाडीकडे पायी जाणारे भाविक असतात. भल्या पहाटे पायी विहार करणारे मुनी आणि आर्यिका याच रस्त्याच्या कडेने चालत असतात, आणि त्यांच्या पुढे-मागे हातात बॅटरी धरून चालणारे श्रावक आपल्याच घरांतले असतात. दूध घालायला निघालेला सायकलवाला असतो. यांपैकी कोणीही आपल्या हौसेत भागीदार झालेला नाही.

किराणा व्यापाऱ्याच्या मुलाला हे एका रात्री उमगले. सांगलीहून परतताना अंधारात, रस्त्याच्या मध्यापर्यंत आलेली एक बंद ट्रॉली त्याला अगदी शेवटी दिसली. ब्रेक उत्तम होते, टायर नवे होते, गाडी थांबली. पुढच्या काचेतून उसाची टोके हाताने मोजता येतील इतकी जवळ होती. मागच्या सीटवर आई झोपलेली होती, ती जागी झाली आणि “आले का गाव?” एवढेच तिने विचारले. तो सांगतो, “मी त्या रात्री साठच्या आत होतो म्हणून वाचलो. त्याच्या आदल्या आठवड्यात मी त्याच जागेवरून किती वेगाने गेलो होतो, ते मला माहीत आहे.” त्यानंतर अंधार पडल्यावर साठ हा आकडा त्याने स्वतःलाच घालून घेतला आहे.

घरातल्या वडीलधाऱ्यांनी आणखी दोन बाबतीत ताठर राहावे. पहिली, किल्ली. १९ मे २०२४ च्या पहाटे पुण्यात कल्याणीनगरला एका वेगवान गाडीच्या धडकेत दोन तरुण अभियंत्यांचा जीव गेला आणि चालवणारा सतरा वर्षांचा मुलगा असल्याचे प्रकरण राज्यभर गाजले. मोटार वाहन कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलाने गुन्हा केला तर पालकाला किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड होऊ शकतो, आणि गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते. पण कायद्याची भीती ही शेवटची ओळ झाली. पहिली ओळ ही की, सोळा-सतरा वर्षांच्या मुलाच्या हाती एवढा जोर देणे म्हणजे त्याच्यावरचे प्रेम नव्हे. वहिनींच्या घरी गाडीची किल्ली दुकानाच्या तिजोरीत असते आणि धाकट्या दिराला त्याचे कारण सांगण्यात आलेले आहे.

दुसरी बाब, गाडीत बदल. सायलेन्सर मोठ्या आवाजाचा करणे, इंजिनाच्या संगणकातील आज्ञावली बदलून ताकद वाढवणे, असे प्रकार करून देणारे सर्वत्र भेटतात. परवानगीशिवाय असा बदल करणे बेकायदेशीर असून प्रत्येक बदलाला पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, अथवा दोन्ही, अशी तरतूद आहे. शिवाय वॉरंटी जाते आणि विम्याचा दावा अडकू शकतो. दहा लाखांच्या मालाची हमी पंधरा-वीस हजारांच्या आवाजासाठी सोडून देणारा व्यापारी आपल्यात नसावा.

मग वेगाची ओढ असलेल्या तरुणाने जावे कोठे? या प्रश्नाचे उत्तर सुदैवाने जवळच आहे. कोल्हापूरला मोटार शर्यतींची परंपरा आहे आणि तेथील मोहिते रेसिंग अकॅडमीच्या धावपट्टीवर राष्ट्रीय पातळीवरील गो-कार्टिंगच्या स्पर्धा झाल्या आहेत. गो-कार्ट ही दिसायला खेळण्यातली गाडी. पण वळणाआधी ब्रेक कोठे लावावा, नजर कोठे ठेवावी आणि टायर केव्हा साथ सोडतो हे ती जितके शिकवते तितके महामार्ग शिकवत नाही. तेथे समोरून कोणी येत नाही, डोक्यावर हेल्मेट असते आणि चूक झाली तर गवतात जाऊन थांबता येते. हिशेबनीस तरुण अधूनमधून जाऊन आला आहे. तो म्हणतो, की तिथून परत आल्यावर रस्त्यावर वेगाने जावेसेच वाटत नाही. जे पाहायचे ते तिथे पाहून झालेले असते.

ज्या घरात अशी गाडी यायची आहे, त्यांनी आधी एक दिवस एकत्र बसून चार गोष्टी ठरवाव्यात. पैसे कोणाचे आणि कोणत्या खात्यावर. किल्ली कोणाच्या हाती. अंधार पडल्यावर कमाल वेग किती. आणि सहा महिन्यांनी वही उघडून कोण पाहणार. घरची माणसे मागच्या सीटवर बसवून चाचणीची फेरी जरूर घ्यावी, आणि ती शोरूमच्या गुळगुळीत रस्त्यावर न घेता आपल्या गल्लीत घ्यावी.

त्या हिशेबनीस तरुणाच्या घरची वही सहा महिन्यांनी वडिलांनी खरोखरच उघडली. ‘काम’ आणि ‘घर’ हे रकाने भरलेले होते. ‘हौस’ सर्वांत लहान निघाला. त्यात बहुतेक रविवारची पहाट होती. एका रविवारी पन्हाळा, एका रविवारी गगनबावडा, एकदा नुसतेच आंबोलीपर्यंत आणि परत. त्या रकान्यातली शेवटची नोंद मात्र मुलाच्या अक्षरातली नव्हती. तारीख, किलोमीटर, पेट्रोल सगळे नीट मांडून पुढे कारण लिहिले होते : “हौस. मी आणि तुझी आई. पन्हाळा.”